बंपरला ओरखडा नव्हता

गाडीला आलेला पोचा ठोकेकाका आधी डोळ्यांनी बघत नसत. आधी त्यावरून हात फिरवत, सावकाश, आणि तेही डोळे मिटून. मग म्हणत, "भिंत." किंवा म्हणत, "खांब. आणि रिव्हर्स घेताना." गाडीवाला ओशाळून हसे, कारण घरी त्याने वेगळंच सांगितलेलं असे. हातोडी, लाकडी ठोकळा आणि आतून लावायचं ऐरणीचं लोखंड, एवढ्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं. खरं नाव कुणी घेत नसे. ठोकून ठोकून पत्रा सरळ करणारे ते ठोकेकाका. पत्रा खोटं बोलत नाही, याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत.

म्हणून थांबलेल्या ट्रकवर मागून आदळलेली पुतणीची गाडी क्रेनने ओढून वर्कशॉपात आणली, तेव्हा त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले आणि हात लावला. समोरची काच नव्हतीच. तिच्या दोन्ही बाजूंचे खांब मागे वाकले होते, छताची पुढची कड ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आली होती. हात तिथवर गेला आणि काकांनी तो काढून घेतला. पुढे बघवलं नाही. ते तसेच दवाखान्यात गेले.

पुतणीला घरात सगळे सुई म्हणत. ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. म्हातारी माणसं तिची वाट बघायची, कारण तिची सुई दुखत नसे आणि तोंड थांबत नसे. आता तेच तोंड बंद होतं. जबडा दोन जागी मोडला होता, दात तारेने बांधले होते, खांद्याजवळचं हाड तुटलं होतं, कपाळावर टाके होते.

दादा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ आणि सुईचे वडील, खाटेच्या पायथ्याशी उभे होते. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. बसला कधी मोठा अपघात होऊ दिला नाही, हे त्यांच्या उभं राहण्यातसुद्धा दिसे.

"गाडी पाहिलीस?" दादांनी विचारलं.

"पाहिली."

"किती वेगात असेल?"

काकांच्या डोळ्यांसमोर ते मागे गेलेले खांब होते. "बराच असणार, दादा," ते म्हणाले.

"ऐकलंस?" दादा बायकोकडे वळले. "पोरगी लिहून दाखवते, सेकंड गिअरला होते. सेकंडला असती तर एवढं लागलं असतं का? माझ्या बसनं एकदा ट्रकला मागून धडक दिली होती, आठवतं? पुढची जाळी तुटली. मी खाली उतरलो, पाणी प्यायलो, संपलं. एवढं लागतं ते जोरात असल्याशिवाय लागत नाही. सोमवारी लॅबमध्ये जाऊन सांगून येतो, ती काम सोडतेय म्हणून. गाडी भंगारात. पुन्हा चाकाला हात नाही."

सुईला बोलता येत नव्हतं. तिने फक्त काकांकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. लहानपणापासून हीच पोर वर्कशॉपात बसून विचारायची, काका, हा पोचा कसला, तो कसला. तिने तोंड फिरवलं ते काकांना आपल्याच हातोडीचा घाव आपल्याच अंगठ्यावर बसावा तसं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीजवळ स्टूल घेऊन बसले. या वेळी डोळे उघडे ठेवले. आणि मग त्यांना ते दिसलं, जे आधी दिसायला हवं होतं. पुढच्या बंपरला ओरखडा नव्हता. दोन्ही हेडलाइट शाबूत होते. नंबरप्लेट सरळ. बॉनेटवर मधोमध एक लांब खरवड होती, पुढून मागे गेलेली, पण पोचा असा नव्हता. बॉनेट उघडलं तर आत रेडिएटर जागच्या जागी, पाण्याचा थेंब सांडलेला नाही.

काका उठून गाडीभोवती फिरले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. चहा निवून गेला. पुढून धडक झालेली गाडी आणि पुढचा भाग कोरा करकरीत, हे म्हणजे जेवण झालं आणि ताटाला हात लागला नाही, तसं होतं. इतक्या वर्षांत असं कोडं त्यांच्या पुढ्यात आलं नव्हतं. काळजी होतीच, पण आता तिच्या जोडीला दुसरंही काही जागं झालं होतं. त्यांना कळून घ्यायचं होतं.

त्यांनी ट्रकवाल्याला फोन केला. त्याचा नंबर दादांकडे होता.

"बोला की काका, मीच येणार होतो भेटायला," ट्रक ड्रायव्हर म्हणाला. आवाज भला वाटला. "पोरगी कशी आहे?"

"आहे. तू ट्रक घेऊन ये इकडे. पण भरून आण. त्या दिवशी होता तसाच."

"भरून कशाला?"

"रिकामा ट्रक टाचा उचलून उभा राहतो. मला तो बसलेला पाहिजे."

रविवारी दुपारी ट्रक वर्कशॉपाच्या गल्लीत येऊन उभा राहिला, पिठाच्या पोत्यांनी काठोकाठ भरलेला. दादा आधीच आले होते. धाकट्याचं काय चाललंय ते बघायला आलोय, असं म्हणाले, पण मुख्यतः वाद घालायला आले होते.

ड्रायव्हर खाली उतरला. अंगापिंडाने दांडगा, पण दादांसमोर हात बांधूनच उभा राहिला. "साहेब, पुढं रांग थांबली म्हणून मी थांबलो. पोरगी मागं आहे हे मला माहीतच नव्हतं. या हौद्यामागं अख्खं घर उभं केलं तरी आरशात दिसत नाही. धडकली तेव्हा मला वाटलं, एखादं पोतं सरकलं. माझी गाडी हललीसुद्धा नाही."

"हललीसुद्धा नाही," काका स्वतःशी पुटपुटले. ते ट्रकच्या मागे जाऊन उकिडवे बसले. हौद्याची लोखंडी कड त्यांच्या डोळ्यांसमोर आली. तिच्या खाली, मागच्या चाकांपर्यंत, सगळी पोकळी. "इथं आडवी पट्टी असते ना रे? खाली लटकणारा गार्ड?"

"आहे की." ड्रायव्हरने वाकून दाखवलं. पट्टी होती, पण हौद्याच्या पोटाला चिकटून, वर. "आमच्या गोदामाचा उतार खोल आहे. पट्टी घासायची, ठिणग्या उडायच्या. मग कापून वर वेल्डिंग करून घेतली. आमच्याकडं सगळ्यांच्याच वर आहेत."

"ती कशासाठी असते, ठाऊक आहे?"

"मागून चिखल उडू नये म्हणून?" ड्रायव्हर म्हणाला आणि दादांकडे पाहिलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काका म्हणाले, "गाडी ढकलू. हळूच. दादा, तू स्टेअरिंगला बस."

दादांनी सीटवरच्या काचा झाडल्या आणि वाकलेल्या छताखाली अंग चोरून मुलीच्या जागेवर बसले. अपघातानंतर त्या सीटवर कुणी बसलंच नव्हतं. क्रेनवाल्याने पुढची चाकं उचलून गाडी तशीच ओढत आणली होती. गाडी न्यूट्रल करायला दादांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, आणि हात तिथेच राहिला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

दादांनी दांडा हलवला नाही. उतरून पुन्हा बसले, पुन्हा हात ठेवला. "सेकंडला आहे," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "घाबरून ब्रेक मारणारा माणूस गिअर बदलत बसत नाही. पाय दाबतो, हात चाकावर असतात. ही सेकंडलाच होती."

ड्रायव्हर गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"आता न्यूट्रल कर," काका म्हणाले. "आणि डोकं खाली घे."

काका आणि ड्रायव्हर मागून ढकलू लागले. गाडी सायकल हातात धरून चालावं तितक्या चालीने ट्रककडे गेली. बंपर हौद्याच्या कडेखाली शिरला. हेडलाइट शिरले. बॉनेट शिरलं. आवाज नाही, धक्का नाही, काही नाही. तलवार म्यानात जावी तशी गाडी ट्रकच्या पोटात गेली, आणि हौद्याची लोखंडी कड थेट त्या जागी येऊन टेकली जिथे काच होती. दादा वाकलेले होते, म्हणून बरं. त्यांनी मान वळवून वर पाहिलं. ताठ बसले असते तर कड त्यांच्या डोक्यालाच आली असती.

"असू दे," ते आतून म्हणाले. "मला बघू दे जरा."

ते बराच वेळ तसेच बसून राहिले. बाहेर आले तेव्हा बाहीवर काचेचा चुरा होता.

"गाडीचा पुढचा भाग मार खाण्यासाठीच केलेला असतो," काका म्हणाले. ते आता बंपरवर नाही, हवेत हात फिरवत होते. "तो चेपतो, म्हणून माणूस वाचतो. रोज तेच बघतो मी. कार कारला धडकली की दोघी थोड्या थोड्या चेपतात, दोघी मागे सरकतात. इथे हिच्या चेपणाऱ्या भागाला काही भिडलंच नाही. पट्टी खाली असती, तर बंपर तिला अडला असता. आणि समोरचा भरलेला, तो हलणार नाही, चेपणार नाही. मग सगळं काचेनं आणि पोरीनं झेललं."

"एअरबॅग उघडली नाही, ते?"

"तिचा कान, म्हणजे सेन्सर, पुढं असतो, बंपरच्या मागं. दार कुणी वाजवलंच नाही, तर ती उठणार कशी?"

"आणि माझी बस?"

"तुझी बस उंच. ती ट्रकच्या कमरेला भिडली. पोरीची गाडी त्याच्या पायांतून गेली. तू जितका वर बसायचास, दादा, तिथून हे दिसतच नाही."

दादा रागावतील असं काकांना वाटलं. पण दादा ट्रकच्या मागे जाऊन वाकले आणि ती वर चिकटवलेली पट्टी बोटाने ठोकून बघत राहिले, नव्या गोष्टीला हात लावणाऱ्या माणसासारखे.

"काका, खाली घेऊन देता का?" ड्रायव्हरने विचारलं. "गोदामात मी तिरका उतरेन. मालकाला काय सांगायचं ते मी बघतो."

त्याच संध्याकाळी पट्टी खाली आली. वेल्डिंग करताना काकांनी काळी काच डोळ्यांवर धरली होती. दादा सांगूनही लांब गेले नाहीत.

सोमवारी दादा लॅबमध्ये गेले नाहीत. दोघे भाऊ दवाखान्यात गेले. आधी काका बोलले, कारण चूक आधी त्यांचीच होती. "सुई, मी न बघता बोललो. वेग नव्हता."

सुईने बांधलेल्या दातांमधून काहीतरी म्हटलं. वहिनींनी अर्थ लावला. "म्हणते, हात फिरवला होतात ना?"

"फिरवला. बंपरवर फिरवला नाही."

दादा खाटेजवळ आले. माफी मागण्याची सवय त्यांना नव्हती, ती एका दिवसात लागणारही नव्हती. "सेकंडला होतीस," ते म्हणाले.

"होते," ती दातांआडून म्हणाली. हा शब्द सगळ्यांना कळला.

"ती गाडी दुरुस्त होणार नाही," काकांनी सांगितलं. "वाकलेला खांब मी सरळ करून देईन, पण तो पुन्हा झेलणार नाही. दिसायला चांगला, कामाला खोटा. दुसरी बघावी लागेल."

"मग उंच घेऊ," दादा लगेच म्हणाले. "जीपसारखी."

सुईने मान हलवली. नको. बोलायला वेळ लागला, शब्द अर्धे फुटत होते, पण तिने ते पुरे केले. "अंतर ठेवीन. काम सोडणार नाही."

दादांनी खुर्ची ओढली आणि बसले. "ट्रकमागं अंतर किती ठेवायचं ते शिकवतो तुला."

"बसमध्ये बसून?" वहिनींनी विचारलं.

"नाही. हिच्या शेजारच्या सीटवर." मग ते थोडे अडखळले. "मला आधी समजू दे. तू चाकावर बसलीस की तुझे डोळे कुठं येतात? इथं?" त्यांनी हवेत तळहात आडवा धरला, आपल्याच गळ्याच्या उंचीवर.

सुईने चांगला हात पांघरुणाबाहेर काढला. वडिलांच्या तळव्यावर ठेवला आणि तो खाली दाबला. दादा थांबले. तिने आणखी खाली दाबला.