गळवाल्या आजी

गळवाल्या आजी पाण्यात उतरल्या तरी माशांना पत्ता लागत नसे. सत्तरी ओलांडलेली बाई, छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून प्रवाहात अशी पाऊल टाकायची, जणू घरात कुणी आजारी माणूस झोपलंय. मग गळाची काठी मागेपुढे व्हायची, लांबलचक दोरी डोक्यावर हवेत वळसा घ्यायची आणि टोकाची पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टेकायची. मी देवगडची, मासेमारी बघतच वाढलेले. पण आमच्याकडे जाळी, होड्या आणि आरडाओरडा. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला डबा धरून मी नुसती उभी राहिले.

जपानच्या सेंदाई शहरात त्या आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आयटीवाल्यांची जपानला रीघ लागली होती, त्यातच ह्यांच्या कंपनीने आम्हाला पाठवलं. तिथल्या मराठी बायकांत कुणी पीएचडी करत होती, कुणी नोकरी. माझी शाळा नववीत सुटलेली. सगळे जमले की मी पोळ्या लाटायला पुढे आणि बोलायला मागे. काहीतरी चुकीचं बोलून बसेन, ही धास्ती कायमची. ‘गळवाल्या आजी’ हे नाव त्याच मंडळींनी पाडलेलं. त्या मला आदराने ‘शुभदा-सान’ म्हणायच्या आणि माझ्या मोडक्या जपानीला कधी हसल्या नाहीत.

पकडलेला मासा त्या सोडून द्यायच्या. आधी आपले हात पाण्यात गार करायच्या. माणसाच्या हाताने त्याला चटका बसतो, असं सांगायच्या. एकदा यामामे, म्हणजे तिथला ट्राउट, जांभळट ठशांचा देखणा मासा त्यांनी सोडला आणि मला राहवेना. म्हटलं, आमच्याकडे ह्याचं तिखलं केलं असतं. त्यावर म्हणाल्या, “एकदा फसवलं, तेवढं पुरे.”

त्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांत मधोमध धूसर डाग आला. कडेचं दिसे, चालता येई, पण पाण्यावरची माशी दिसेना. टोकियोत राहणाऱ्या त्यांच्या मुलाने बजावलं, एकटी नदीवर गेलीस तर घर बंद करून तुला घेऊन जाईन. मग आजी माझ्या दारात आल्या. मला पाण्याची भीती, रानातल्या अस्वलांची त्याहून जास्त. तरी पिशवीला अस्वलांना दूर ठेवणारी घंटा बांधून मी निघाले. ज्या बाईने मला कचरा कसा वेगळा करायचा इथपासून शिकवलं, तिला नाही कसं म्हणू?

माझं काम सोपं होतं. माशी बघायची आणि माशाने ती घेतली की ‘इमा’, म्हणजे ‘आत्ता’, म्हणायचं, की आजी काठी वर उचलणार. क्षणभर उशीर झाला की मासा ती थुंकून टाकतो. आणि मला नेमका उशीर व्हायचा. खरंच मासा होता की पान, असा विचार करेपर्यंत मासा पसार. सगळा उन्हाळा एकही मासा लागला नाही. आजी काठी खाली करून एवढंच म्हणायच्या, “मासा परत येतो. तू बोल.”

सप्टेंबर संपला की हंगाम संपतो. शेवटच्या रविवारी, आम्हाला हे कितपत जमतंय ते बघायला मुलगा स्वतः आला आणि इस्त्रीच्या पँटमध्ये काठावर उभा राहिला. आज जमलं नाही तर आजींची नदी सुटणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. खडकाआडच्या शांत पाण्यावर माशी टेकली, खालून एक सावली वर आली आणि माझ्या तोंडून निघालं, “घे!”

चक्क मराठीत. पण त्याच क्षणी आजींचा हात वर गेला होता. काठी वाकली, मासा लागला.

मुलाच्या लक्षात यायचं ते आलंच. तो हळूच म्हणाला, “आई, तुला माशी दिसत नाही.”

आजी हात गार करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हिला दिसते.”

पुढच्या वसंतात त्यानेच आम्हा दोघींचे नदीवरच्या मासेमारीचे परवाने काढले. आणखी एक पूर्ण हंगाम आजींना मिळाला. मग ह्यांची बदली नागोयाला झाली. गेल्या हिवाळ्यात आजी गेल्याचं मुलाने फोनवर कळवलं. अशा वेळी जपानीत काय म्हणतात ते मला येत होतं, तेवढं म्हणून मी फोन ठेवला.

माझं बोलणं लोक ऐकतात, मग माझ्याकडे बघतात आणि मग ते खरं धरायचं की नाही ते ठरवतात. आजींनी ठरवायला वेळ घेतला नाही. ज्याचा अर्थही ठाऊक नव्हता, अशा माझ्या एका शब्दावर त्यांनी काठी उचलली.