श्रावण पाळणारं पान

क्षिप्रा वर्तक टेंभी नाक्याजवळ वाढली आणि लग्नानंतरही ठाण्यातच राहिली. शिकली वनस्पतिशास्त्र, पण विद्यापीठात लागली ती निकाल टाइप करायला, आणि होता होता तिथल्या वेबसाइटचं सगळं तिच्याच गळ्यात पडलं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. कुठलीही गोष्ट अशी का आहे, हे कळल्याशिवाय मात्र तिला चैन पडत नसे. डॉक्टरांनी गोळी दिली की ही पोटात जाऊन नेमकं करते काय, असं विचारायची. रिक्षावाल्याने नेहमीचा रस्ता सोडला तर रागवायच्या आधी कारण विचारायची. "हिला प्रश्नांची उचकी लागते," असं तिची आई शुभदाताई म्हणायच्या.

यंदा विद्यापीठाने ठरवलं की जुनी वेबसाइट मोडायची आणि मजकूर नव्या सिस्टिमवर न्यायचा. जुन्या साइटवर ज्याला हवं त्याने हवं तिथे पान चिकटवलेलं. नव्यात प्रत्येक पानाला ठरलेला साचा, ठरलेला विभाग आणि जबाबदारी घेणारा माणूस लागणार होता. ज्या पानाला वाली नाही, ते जाणार. कामाला एका कंपनीतून साकेत नावाचा इंजिनिअर यायचा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत तो अर्धा दमलेला असायचा. दोघं शेजारी बसून पानं निवडत. होऊन गेलेल्या परिसंवादांची आमंत्रणं, बंद पडलेल्या स्पर्धांचे नियम भराभर गेले.

भूगोल विभागाच्या एका पानापाशी मात्र क्षिप्राचा हात थांबला. 'खाडीतील भरती-ओहोटी, कल्याण-डोंबिवली परिसर.' एका प्राध्यापकांनी मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी ते केलं होतं. प्राध्यापक निवृत्त झाले, प्रॅक्टिकल बंद झालं, पण पान गणित करून रोज पाण्याच्या वेळा दाखवतच होतं. आणि कोणीतरी ते नेमाने उघडत होतं.

"बॉट असेल, मॅडम," साकेत म्हणाला. "माणूस नव्हे, आपोआप पानं उघडणारा प्रोग्राम. उडवा."

"अरे, पण हा बॉट दर खेपेला आधीपेक्षा थोडा उशिरा का येतो?"

साकेतने खुर्ची जवळ ओढली. खरंच, भेटींच्या वेळा सकाळपासून संध्याकाळकडे थोड्या थोड्या सरकत होत्या आणि मग पुन्हा सकाळपासून सुरू होत होत्या. क्षिप्राने त्या वेळा पानावरच्या ओहोटीशी ताडून पाहिल्या. प्रत्येक वेळी, पाणी ओसरायच्या जरा आधी. म्हणजे कोणीतरी खाडीत उतरत होतं. मग सोमवार, गुरुवार आणि शनिवार रिकामे का?

तिने मागच्या वर्षीचा ऑगस्ट उघडला आणि मोठ्याने हसली. अख्ख्या श्रावणात एकही भेट नव्हती.

"आता सांग, तुझा बॉट श्रावण पाळतो?"

"मासे!" साकेत ओरडला. "मासे विकणारं कोणीतरी आहे."

पण यानेही क्षिप्राचं समाधान होईना. खाडीकाठच्या माणसांना पाणी कधी चढतं-उतरतं हे तिथीवरून कळतं. त्यांना वेबसाइट कशाला हवी? तिने पानावर एक ओळ टाकली: 'हे पान बंद होणार आहे. आपण वापरत असाल तर फोन करा.' खाली स्वतःचा नंबर दिला.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. "मॅडम, ते पान बंद नका ना करू. मी रतन बोलतेय, कोपरवरून."

रविवारी क्षिप्रा डोंबिवलीजवळच्या कोपरला खाडीवर गेली. रतन तिशीची होती. साडी खोचलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, टोपलीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि निवट्या, चिखलात बिळं करून राहणारे ते उड्या मारणारे मासे. तिचं माहेर माणदेशातलं, जिथे प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येतं. सासू मीराबाई जन्मापासून खाडीतली.

"त्या म्हणायच्या, तिथीवरून कळतं," रतन हळूच म्हणाली. "मला नाय कळायचं. एकदा पाणी कमरेपर्यंत आलं तरी मी आपली चिखलातच. चार बायकांनी ओढून काढली. किती हसल्या! मग मोबाइलवर शोधलं, तर तुमचं पान गावलं. घरात सांगितलं नाय हं, ताई."

तेवढ्यात मीराबाई बांधावरून आल्या. पाहुणीला नीट न्याहाळलं. क्षिप्रा पटकन म्हणाली, "मी रतनची मैत्रीण, ठाण्याची."

"बस गो," मीराबाई म्हणाल्या. "आमची सून देशावरशी आयलेली, पन पानी कवा उतरंल ते आता मना सासूलाच सांगते. कुनी शिकवलं नाय तिला."

रतन टोपलीतल्या चिंबोऱ्या मोजू लागली. क्षिप्राच्या तोंडावर आलेलं हसू तिने कसंबसं गिळलं आणि विचारलं, "पण मावशी, तुम्हाला तिथीवरून कसं कळतं?" मीराबाईंनी बोटांच्या पेरांवर अष्टमी, पुनव, अमावस्या असं मोजून दाखवलं. क्षिप्राने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा दाखवलं. ऐकता ऐकता रतनही सरकून जवळ बसली.

सोमवारी क्षिप्रा भूगोलाच्या विभागप्रमुखांकडे गेली. "अभ्यासक्रमात नाही, कुठे बसवणार?" त्यांनी विचारलं. पान कोण वापरतं ते तिने सांगितलं, फक्त नाव आणि गाव गाळलं. त्यावर ते म्हणाले, जबाबदार व्यक्तीच्या जागी माझं नाव लिहा. साकेतने जुनं गणित नव्या सिस्टिमवर चालतं केलं. साच्यात खाडीसाठी जागाच नव्हती, म्हणून पान 'विद्यार्थी सेवा' या सदरात गेलं.

नवी साइट सुरू झाली आणि रतनचा फोन आला. "ताई, आता आधी एका साहेबांचा मोठा फोटो येतो. तो उघडेपर्यंत पाणी चढायला लागतं."

तो कुलगुरूंचा फोटो होता आणि साच्याप्रमाणे प्रत्येक पानावर तो हवाच होता. काढायचा तर समितीची मंजुरी लागली असती. क्षिप्राने साकेतकडे पाहिलं. साकेत म्हणाला, "मी चहा घेऊन येतो."

तो परत येईपर्यंत त्या एका पानावरचा फोटो गेला होता. रतनचा पुन्हा फोन आला नाही, पानावरच्या भेटी मात्र ओहोटीच्या जरा आधी येत राहिल्या.