पहिला घास

मंजुळाबाईंना शुगर झाली ती दिराच्या जिलबीपायी, असं त्या सेनगावजवळच्या गोरेगावच्या बाजारात कुणालाही ठणकावून सांगतात. त्यात तथ्य आहे. दीर विश्वंभर, म्हणजे घरच्यांचा इशू, याला तेरा वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया झाला. गावानं आधी करणी ठरवली, मग जास्त शिक्षण. डॉक्टरांच्या गोळ्यांनी आजार पुष्कळ आवरला, पण एक संशय काही जाईना. जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय! ताटातलं आधी वहिनीनं खाल्लं तरच तो जेवणार. घासाचं हळूहळू अर्धं ताट झालं, आणि त्याला जिलबी तर रोज लागायची. गोळी मात्र तो तिच्या तळहातावरून उघड उघड घ्यायचा.

तेरा वर्षांत मंजुळाबाई एक रात्रही माहेरी राहिल्या नाहीत. नवरा सोनाजी पारावर सांगायचा, "भावाला मी सांभाळतो." म्हणजे शेजारच्या ताटावर बसून ढेकर द्यायचा.

मग लेक कोमलचे दिवस भरले. पहिलटकरीण माहेरी यायची, पण तिच्या सासूनं साफ सांगितलं, "याड्याच्या घरात न्हाई धाडणार." कोमल कळमनुरीला, सासरीच बाळंत झाली. मंजुळाबाईंनी दोन शिव्या हासडल्या आणि पिशवी भरली.

"अन् इशू? उपाशी मरंल तो!" सोनाजी घाबरला.

"आधी तुमी खा. खायला तर येतं ना? अन् गोळी हातावर ठिवून द्या. चोरून घालू नका."

जीपमध्ये बसताना त्यांना हलकं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. सेनगाव मागे पडेपर्यंत लाज गेली.

नात दोन दिवस मांडीवर खेळली. तिसऱ्या दिवशी सोनाजी फोन उचलेना. शेवटी विश्वंभरनं उचलला. "वैनी, दादा उठून न्हाई राहिला."

मंजुळाबाई तशाच निघाल्या. घरी बाजेवर सोनाजी घोरत होता आणि विश्वंभर उशाशी बसून त्याच्या अंगावरच्या माशा हाकत होता. डॉक्टर येऊन 'झोपू द्या' म्हणून गेला होता.

"याच्या वरणात कुणीतरी कायतरी घातलं, वैनी. तेरा वर्सं बोंबलून राहिलो, कोणी ऐकतं का?"

हलवून उठवल्यावर सोनाजी जड जिभेनं कबूल झाला. दोन दिवस भाऊ गोळी घेईना, म्हणून त्यानं दोन दिवसांच्या गोळ्या कुटून वरणात घातल्या. विश्वंभरनं आख्खी वाटी त्यालाच प्यायला लावली.

मंजुळाबाई हसत सुटल्या. हसता हसता रडूच आलं. दोन दिवस, बस्स! नातीचं तोंड नीट पाहून झालं नव्हतं. आपली यातून सुटका नाही, असं त्यांना पहिल्यांदाच स्पष्ट वाटलं आणि दिराचा रागही आला.

विश्वंभर उठून आत गेला. शेजारणीनं दिलेली भाकरी-भाजी घेऊन आला. एक घास मोडून स्वतः खाल्ला, जरा वेळ थांबला आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"यात कायी न्हाई. खा, वैनी. सकाळपासून उपाशी असशील."

त्यांनी डोळे पुसले, पोटभर खाल्लं आणि कोमलला फोन लावला.

"उद्या येऊन राहिले. तुझा काकाबी संगं हाये. सासूला सांग, आमच्या घरातलं याडं इथंच झोपलंय."