बॉयलर किती वर्षांत वसूल होतो

अमेरिकेच्या थंड उत्तरेतल्या नोव्हाय गावात आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत फर्नेस होती. ती हवा तापवते आणि जमिनीतल्या जाळ्यांमधून खोल्यांत सोडते. आमचं घर तळ्याजवळच्या जुन्या वस्तीतलं, म्हणून त्यात बॉयलर होता. तळघरातल्या या बिडाच्या धुडात पाणी तापायचं आणि पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरून परत यायचं. तो बदलावा की नाही, यावर सल्ला देऊ शकेल असं ओळखीत कुणी नव्हतं. पुण्याच्या नणंदेला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आंघोळीच्या पाण्याला एवढे पैसे? गीझर लावून मोकळे व्हा की." घर तापवायचं पाणी वेगळं आणि आंघोळीचं वेगळं, हे तिला पटेपर्यंत कॉलिंग कार्ड संपलं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आखातात वादळं आली आणि गॅसचे दर चढले, त्या वर्षीची ही गोष्ट. हिवाळ्याआधीच्या तपासणीला आलेल्या माणसानं बॉयलरच्या सांध्यातून पाणी पाझरत असल्याचं दाखवलं. खाली जमिनीवर गंजाचा तांबडा ओघळ होता. हा एक हिवाळा काढेल किंवा पाचही काढेल, असं तो म्हणाला. बदलायचा असेल तर किंमत सांगायला कंपनीचा विक्रेता पाठवतो, असंही म्हणाला.

नवरा एका मोटार कंपनीच्या इंजिन चाचणी विभागातून निवृत्त झाला होता. घरातला बॉयलर त्याच्या अखत्यारीत असे. आदल्या वर्षी त्याच्या फुफ्फुसांचा आजार निघाला. फुफ्फुसं हळूहळू घट्ट होत जातात. कारण सापडत नाही, उलटवणारं औषध नाही. प्रत्यारोपणासाठी त्याचं वय जास्त भरलं. दिवाणखान्यात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची लांब नळी नाकाला लावून तो घरभर फिरू शकत असे, स्वयंपाकघरातून तळघराच्या दारापर्यंत. जिना उतरायला ती पुरत नव्हती.

त्यामुळं तो दारात उभा राहायचा आणि मी खाली जाऊन दाबाच्या काट्यावरचा आकडा ओरडून सांगायची.

"किती?"

"अठरा."

"अठरा म्हणजे अठरा, की अठराच्या आसपास?"

"आसपास."

"पुण्याच्या पेपरात असंच छापायचीस का? मृत अठराच्या आसपास?"

एवढं बोलून त्याला धाप लागायची आणि मी वर यायची.

विक्रेता एका शनिवारी सकाळी आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं माहितीपत्रकं मांडली. जुना बॉयलर बरीच उष्णता धुराड्यातून घालवतो, नवा फार थोडी घालवेल, बिल उतरेल. किंमत मात्र आमची जुनी गाडी विकून आली असती त्याहून जास्त होती. एवढे पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतील, असं नवऱ्यानं विचारलं. अकरा, विक्रेता म्हणाला. गॅस आणखी महागला तर कमी. मग पेन खाली ठेवून त्यानं त्याच्या दृष्टीनं साधा प्रश्न विचारला.

"हाऊ लाँग डू यू प्लॅन टू स्टे इन द हाउस?"

अमेरिकेत येण्यापूर्वी मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या मराठीत करणं हे रोजचं काम. त्यात सगळ्यात छळायचं ते 'यू'. एकाला म्हटलंय की अनेकांना, हे इंग्रजी वाक्य सांगत नाही आणि ते ठरवल्याशिवाय मराठी क्रियापद लिहिता येत नाही. विक्रेत्याचा 'यू' मी आम्हा दोघांसाठी धरला होता आणि उत्तरासाठी नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं कानामागची नळी सारखी केली आणि मराठीत म्हणाला, "तो तुला विचारतोय."

मी इंग्रजीत सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही. बरेच जण असंच म्हणतात, असं म्हणून विक्रेत्यानं माहितीपत्रकं तिथंच ठेवली आणि तो गेला.

"काय बोललास हे?" मी विचारलं.

"का? भाषांतर चुकलं?"

"चुकलं."

"मग दुरुस्त कर."

मी माहितीपत्रकं गोळा केली. टेबल आवरायला घेतलं.

मुलगी टेक्सासमध्ये शुगर लँडला राहायची. रविवारी फोन स्पीकरवर असायचा. बॉयलरचं ऐकल्यावर ती म्हणाली, "आई, जस्ट सेल इट. दोघं इकडे या. इथे हीटिंग कोणाला लागतं?"

"मग तिथं काय लागतं?" नवऱ्यानं विचारलं.

"एसी, बाबा."

"मग तो बिघडतो."

"बाबा, दॅट्स नॉट द पॉइंट."

"मला माहितेय पॉइंट काय आहे ते."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ श्वास गोळा करत बसला. नंतर म्हणाला की आता त्याच्यानं एवढा प्रवास होणार नाही आणि नवे डॉक्टर, नवं हॉस्पिटल त्याला नको. "तू नंतर जा तिकडं."

"नंतर जायचंच असेल तर बॉयलर कशाला? घर घेणाऱ्यासाठी?"

"तू जाशील की नाही, हे तुला आज माहीत नाही. घर विकलं जाईल की नाही, तेही माहीत नाही. जानेवारीत हा बंद पडला आणि तू एकटी असलीस तर काय करशील, एवढं मला माहीत आहे."

"काय करीन?"

"कोट घालून बसशील. कुणाला फोन करणार नाहीस."

त्याला घर गरम ठेवून जायचं होतं. मला तो बॉयलर नको होता, कारण तो घेणं म्हणजे त्याच्याशिवायच्या हिवाळ्यांची सोय करणं. मी हे म्हटलं नाही. अकरा वर्षांत वसूल होणारी वस्तू आपल्या वयात घेऊ नये, असं म्हटलं. हिशोब म्हणून ते बरोबर होतं.

त्या आठवड्यात नागपूरकडचे आमचे जुने मित्र येऊन गेले. तेही निवृत्त, भूल देणारे डॉक्टर. बॉयलरला ते पहिल्यापासून बंब म्हणायचे.

"काय बे, बंब बदलून राहिला म्हणते?"

"ही नाही म्हणते."

"बरोबर आहे वहिनीचं. जन्मभर दुसऱ्याची इंजिनं गरम केली, आता स्वतः थंडीत बस."

नवरा हसला, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत डॉक्टर त्याच्या पाठीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर मी चहा करायला गेले तेव्हा ते मागोमाग स्वयंपाकघरात आले. मी त्यांना सरळ विचारलं, "डॉक्टर, किती?"

त्यांनी कपबशा पुढं ओढल्या. "मी काय बॉयलरवाला आहो का वहिनी, वर्षं सांगाले?"

चहा उकळून वर आला. तो त्यांनीच उतरवला.

ऑक्टोबर संपत आला. एका दुपारी मी किराणा घेऊन परत आले तेव्हा तळघराचं दार उघडं होतं. नळी दारातच जमिनीवर पडली होती आणि तिच्या टोकातून ऑक्सिजनचा बारीक आवाज येत होता. नवरा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला होता, एक हात कठड्यावर. ओठ निळे पडले होते. मी नळी ताणून धरली, ती पोचली नाही. त्याला बगलेत धरून एकेक पायरी वर आणावं लागलं. खुर्चीत बसवल्यावर, बोलता येऊ लागल्यावर तो म्हणाला, "रेडिएटर गार लागला. दाब बघायला गेलो."

"किती होता?"

"पोचलोच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विक्रेत्याला फोन केला. अकरा वर्षांचा विषय पुन्हा निघाला नाही.

जुना बॉयलर आख्खा बाहेर निघणं शक्य नव्हतं. दोन माणसांनी तळघरात तो घणानं फोडला. घाव बसला की स्वयंपाकघरातली भांडी हलायची. नंतर ते तुकडे एकेक करून वर आणले गेले, टेबलाजवळून, मागच्या दारानं बाहेर. नवरा खुर्चीत बसून प्रत्येक तुकडा पाहत होता. एका तुकड्याच्या आतल्या बाजूला चुनखडीचा जाड थर होता. त्यानं त्या माणसाला थांबवलं, थरावर बोट फिरवलं आणि जाऊ दिलं.

नवा बॉयलर मोठ्या सुटकेसएवढा होता आणि भिंतीवर टांगला गेला. त्याचा आवाज येत नसे. जुना सुरू झाला की पाइप ठोकल्यासारखे वाजायचे, त्यामुळं घरात कुठंही असलं तरी कळायचं. आता नवरा दिवसातून अनेकदा विचारायचा, "चालू आहे ना?" मी खाली जाऊन बघून यायची आणि हो म्हणायची. त्याला तो पाहायचा होता. मी मुलीनं दिलेल्या डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढला आणि त्याच्यासमोर धरला. त्यानं चष्मा लावून छोट्या पडद्यावर बॉयलर बराच वेळ पाहिला.

"आतलं निथळलेलं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपला उतार कमी दिलाय," तो म्हणाला. "त्यांना फोन कर."

ते येऊन पाइप दुरुस्त करून गेले. त्याचं बरोबर होतं. मी पुन्हा फोटो काढला, पण तो दाखवायचा राहिला, कारण त्या संध्याकाळी त्याला ताप आला आणि तिथून पुढं हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक वेळी तो घरी आला की रेडिएटरला तळहात लावायचा. 

मार्चमध्ये तो गेला. तळ्यावरचं बर्फ अजून पुरतं वितळलेलं नव्हतं. मुलगी आली, राहिली, परत गेली. जाताना तिनं घर विकायला काढण्याचं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी उन्हाळ्यात एका एजंटला बोलावलं. त्यानं जाहिरातीत पहिल्याच ओळीत नव्या बॉयलरचा उल्लेख केला, पण मला खाजगीत सांगितलं की त्याचे पैसे किमतीत धरू नका. लोकांना सेंट्रल एसी हवा असतो आणि तो लावायला या घरात हवेच्या वाहिन्याच नाहीत.

पहिल्या वर्षी बरेच लोक घर पाहून गेले. दुसऱ्या वर्षी कमी आले. मोटार कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली होती. शुगर लँडला जाऊन हिवाळा काढावा असं एकदा ठरलंही, पण घर रिकामं ठेवून जाणं सोपं नव्हतं. आमच्याच रस्त्यावरचं एक घर बँकेनं ताब्यात घेतलं होतं. आतली हीटिंग बंद होती. जानेवारीत पाइप फुटले आणि छतातून आलेलं पाणी खिडक्यांच्या आत गोठून राहिलं. रस्त्यावरून जाताना ते दिसायचं. मी तिकीट कॅन्सल केलं. ज्या बॉयलरनं मला सांभाळायचं, तो चालू आहे हे बघायला कुणीतरी घरात असणं भाग होतं, आणि माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"आई, थंडी नाही ना वाजत?" मुलगी रविवारी विचारायची.

"नाही," मी सांगायची. ते खरं होतं. त्यामुळं पुढं विचारायला तिच्याजवळ काही उरत नसे. बॉयलर बंद पडला असता तर तिनं मला त्याच आठवड्यात नेलं असतं आणि मी गेले असते. तो बंद पडत नव्हता.

तिसऱ्या वर्षी, २००८ च्या अखेरीस, मुंबईचं एक तरुण जोडपं आलं. ती चपला काढून घरभर फिरली. रेडिएटरवर हात ठेवून म्हणाली, "काकू, किती कोझी आहे!" तो खाली जाऊन बॉयलर पाहून आला आणि म्हणाला, "काकू, एकदम नवाच दिसतोय की." मी हो म्हटलं. त्यांनी चहा घेतला. आठवड्यानं एजंटचा फोन आला की त्यांनी बँकेनं विकायला काढलेलं एक घर आमच्या निम्म्या किमतीत घेतलं, पलीकडच्या नव्या वस्तीत. आता वसंतापर्यंत कुणी येणार नाही, तेव्हा सध्या जाहिरात काढून घेऊ, असं त्यानं सुचवलं.

'घर विकणे आहे'ची पाटी न्यायला तो स्वतः आला. अंगणातली जमीन गोठली होती. खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला, लाथ मारून पाहिली, तो निघेना.

"राहू द्या," मी म्हटलं.

त्यानं आकड्यांतून पाटी काढली, गाडीत टाकली आणि तो गेला. नुसता खांब अंगणात उभा राहिला. मी आत आले आणि अंगातला कोट काढून ठेवला. घर सगळीकडं सारखं गरम होतं.