पोत्यातल्या गोळ्या

ती दुपार मी विसरलेलो नाही आणि आता या वयात विसरेन असंही वाटत नाही. टाळेबंदीचे दिवस होते. माझ्यासमोर एक हमाल बसला होता आणि मी सांगत होतो त्यातल्या एकाही शब्दावर तो विश्वास ठेवायला तयार नव्हता. खोटं बोलणारे मला नोकरीत पुष्कळ भेटले. त्या दिवशी मी स्वतः खरं बोलत होतो आणि माझी डाळ शिजत नव्हती.

तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमचा मुलूख धानाचा, पण त्या दिवसांत किराणा दुकानात तांदूळ मागितला तर दुकानदार हात वर करायचा. ज्याच्याकडे पैसे होते त्याने घर भरून ठेवलं होतं. आमच्या सौभाग्यवतींनीही डाळीच्या बरण्या भरल्या होत्या आणि तांदळाचं पोतं पलंगाखाली ढकललं होतं, त्यामुळे मी कोणाला नावं ठेवत नाही. रोजच्या मजुरीवर रोजचं पीठ आणणाऱ्यांचे हाल मात्र बघवत नव्हते.

अशात एक दिवस सकाळी ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हती. "साहेब, दुकानात दाळ नाही म्हणते, अन् मांगच्या गोदामात थप्प्या लागून हायेत. आमी का माती खाऊ?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

स्टेशन डायरीत नोंद केली, पुरवठा निरीक्षकांना आणि दोन पंचांना सोबत घेतलं आणि गोदाम गाठलं. बाईची माहिती पक्की होती. ताडपत्रीखाली तांदळाची आणि डाळीची पोती छपराला टेकली होती. आमचा शिपाई एक पोतं सोडायला लागला तसा व्यापारी ओरडला, "साहब, हाथ मत लगाइए! बोरों में गोली डाली है!"

धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या या विषारी गोळ्या. त्यातून हळूहळू वायू निघतो आणि कीड मरते. हमाल घरी गेल्यावर आदल्या संध्याकाळी याने स्वतःच्या हाताने त्या पोत्यांत टाकल्या होत्या, मनाला वाटेल तितक्या. शिपाई मागे सरला आणि तेवढ्यात मला थप्पीच्या कोपऱ्यात खिंडार दिसलं. मागच्या भिंतीचा टिनाचा पत्रा वाकवलेला होता आणि जमिनीवर तांदूळ सांडला होता.

"इथली पोती कुठे गेली?"

व्यापाऱ्याने वाकलेल्या पत्र्याकडे बोट दाखवलं. "रात को चोरी हो गई, साहब."

"मग तक्रार का दिली नाही?"

दडवलेल्या मालाची चोरी सांगायला तो ठाण्यात येणार कसा? मला त्याचा असा संताप आला की पंच सोबत नसते तर काय केलं असतं सांगता येत नाही. मी तिथूनच ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन लावला. शिजवून खाल्लं तर काय होईल, एवढंच मला विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "खायची वाट कशाला बघता? बंद खोलीत ते पोतं असेल तर नुसत्या वायूनेच माणसं जातील. आधी पोती शोधा."

चौकीदाराने तिथल्याच एका हमालाचं नाव घेतलं. हमाल नाक्यावरच सायकलसह सापडला, कॅरिअरला तांदूळ चिकटलेला. पण त्याच्या भाड्याच्या खोलीला कुलूप होतं. घरमालक दारातूनच म्हणाला, "पोरगी खोकलून राहिली होती. मी काढून देलो त्याईले." बायको आणि मुलगी कुठे गेल्या, कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी त्याला समोर बसवलं. दोघांच्या तोंडाला रुमाल, त्यामुळे मला फक्त त्याचे डोळे दिसत होते.

"पोती कुठे आहेत?"

"मी काई चोरलो नाही, साहेब."

"चोरीचं राहू दे. त्या पोत्यांत विषाच्या गोळ्या आहेत. घरात ठेवली असशील तर घरचे मरतील."

त्याच्या डोळ्यांत चक्क हसू आलं. "असंच सांगता तुमी लोक. मागच्या वेळी माह्या भावाले सांगतले होते, तुह्या दोस्तानं सारं कबूल केलं म्हणून. तो बिचारा सही करून बसला."

ही युक्ती प्रत्येक ठाण्यात चालते आणि ती चालते हे आता गावातल्या शेळ्यांनाही माहीत आहे. मी व्यापाऱ्याला समोर उभं केलं, त्याने हात जोडून सांगितलं. हमाल म्हणाला, "शेठ तं बोलंलच, त्याचा माल हाये." मी डॉक्टरांना फोनवर बोलायला लावलं. "हा कोणता डाक्टर? तुमचाच माणूस असंल." माझा आवाज चढला की त्याची खात्री आणखी पक्की व्हायची. मी मऊ बोललो की त्याला वाटायचं, आता साहेब दुसरा डाव टाकून राहिले.

एवढ्यात टेबलावर ठेवलेला त्याचा मोबाईल वाजला. तो ताडकन उठला, शिपायाने त्याला बसवलं. मी फोन उचलून "हॅलो" म्हणालो. पलीकडे एक बाई होती. परका आवाज ऐकताच तिने फोन कापला. मी परत लावला तर उचलला नाही. टॉवरचं ठिकाण काढायला माणूस बसवला होता, पण त्याला वेळ लागतो आणि वेळ आमच्याकडे नव्हता.

धमकीही नाही आणि विनवणीही नाही, मी डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं त्याला ऐकवलं. "हे बघ. त्या खोलीत जो असेल त्याचं डोकं दुखेल. उलट्या होतील. छाती भरून येईल. आणि खोलीत लसणासारखा वास येईल, घरात लसूण नसला तरी."

त्याचे डोळे एका जागी थांबले.

"लसून?" तो म्हणाला. "सकाळी बायको बोलली, लसनाचा वास येऊन राहिला म्हणून. मी म्हणलो, शेजारी कोनी फोडनी देत असंल." मग त्याचा आवाज फाटला. "पन तिथं शेजारीच नाही, साहेब. अन् पोरगी सकाळपासून उलट्या करून राहिली. मले वाटलं, कोरोना झाला. नेतील म्हणून मीच सांगतलो, दार-खिडकी पक्की लावून घे, आवाज भाईर जाऊ देऊ नको!"

त्याने फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. जीपमध्ये बसेपर्यंत तो लावतच होता.

आमगाव रस्त्याला एक बंद पडलेली राईस मिल होती. तिच्यामागच्या मजुरांच्या खोलीत त्याने दोघींना लपवलं होतं. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या, दाराखाली लुगडं दाबलं होतं. हाका मारल्या, उत्तर नाही. शिपायांनी दार तोडलं आणि तो वास अंगावर आला. बायको दाराजवळ पडली होती, हातात मोबाईल. मुलगी पाच-सहा वर्षांची. पोती ओळीने मांडून त्यांच्यावर गोधडी टाकली होती आणि त्या गोधडीवर तिला झोपवलं होतं. झडती झालीच तर आजारी पोरीला कोणी उठवणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

श्वास रोखून मी तिला उचललं आणि बाहेर आलो. तिची मान माझ्या हातावर लुळी पडली होती. मी फार देवाधर्माचा माणूस नाही, पण जीपमध्ये मी काय काय पुटपुटत होतो ते ड्रायव्हरने ऐकलं आहे.

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात बायको दुसऱ्या दिवशी सावरली. मुलगी मात्र काही दिवस इकडे की तिकडे अशी होती. मी रोज फोन करायचो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पोरगी जेवण मागते आहे." मी फोन ठेवला आणि ठाणे अंमलदारासमोर रडलो. लाज वाटली नाही.

दोन गुन्हे नोंदवले, साठेबाजीचा व्यापाऱ्यावर आणि चोरीचा हमालावर. कायद्याने जे होतं ते केलं. पोती मुद्देमालात गेली आणि हमालाच्या बायकोला आमच्या मेसमधून शिधा दिला.

त्या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकलो आणि पुढे नव्या पोरांना सांगत आलो. चौकशीत खोट्याने माणूस लवकर बोलतो, हे खरं आहे. पण त्या खोट्याची किंमत पुढचा अधिकारी चुकवतो, किंवा कोणाची तरी पोरगी.

जामिनावर सुटल्यावर हमाल हजेरी द्यायला ठाण्यात आला होता. मी त्याला विचारलं, "अरे, मी घसा फोडून सांगत होतो. तुला पटत काऊन नव्हतं?"

"पोलिसवाला खरं बी बोलते, हे मले का मालूम, साहेब?"

तो चेष्टा करत नव्हता. मी हजेरीवर त्याची सही घेतली आणि त्याला बसायला खुर्ची दिली.