गोल्फच्या मास्तरणीचे वळवळणारे हात

नव्वदच्या दशकात मी सुरतेत जेवढी शहाणी होते, तेवढी नंतर कधीच झाले नाही. चाळिशीला आले होते आणि मला सगळं येत होतं. गोल्फसुद्धा.

खानदेशातल्या बाईला गोल्फ कुठे भेटला, असं विचाराल. आमचे हे एका मिलमध्ये रंगखात्याचे मास्तर. मिलच्या शेठना हौस आली आणि त्यांनी पलसाण्याच्या पुढे नऊ होलांचं मैदान केलं. ते रिकामं दिसू नये म्हणून मास्तर लोकांना हुकूम सुटला: रविवारी जोडीने खेळायला या. हे चार रविवार खेळले आणि कंटाळले, असं मी सगळ्यांना सांगायचे. मी मात्र चिकटले. त्यानंतर हे मला नुसते सोडायला यायचे. बमरोलीहून स्कूटरवर मागे बसून निघायचे, मांडीवर काठ्यांची पिशवी आडवी. रस्त्यातली निम्मी सुरत वाकून जायची. शेजारणींना वाटायचं, मी पडद्यांचे दांडे विकते.

पाचेक वर्षांत माझा हात असा बसला, की बायकांच्या सामन्यात मी पहिली येऊ लागले. चेंडू मारला की काठी खांद्यावर तशीच धरून क्षणभर उभी राहायचे. चेंडू कुठे गेला ते बघायला नव्हे; कोण कोण बघतंय ते बघायला. सासूबाई एकदाच आल्या. झाडाखाली बसून शेंगा खात त्यांनी अख्खं मैदान न्याहाळलं आणि म्हणाल्या, "इतलं मोठं वावर, आन् पेरं काय? भोकं!"

मग शेठनी ठरवलं, बायकामुलांना शिकवायला पगारी माणूस ठेवायचा. माझंच नाव पुढे आलं. अट एकच, शिकवणाऱ्यांची परीक्षा पास व्हायची. सकाळी स्वतः खेळून दाखवायचं, दुपारी परीक्षकासमोर एका नवख्याला अर्धा तास शिकवायचं. तोवर मिलमधले लोक मला मास्तरीण म्हणत, ते ह्यांची बायको म्हणून. मला ती पदवी माझ्या स्वतःच्या कमाईची हवी होती. इतकी हवी होती, की कोऱ्या वहीवर नावापुढे 'मास्तरीण' लावून सही करून बघायचे.

सकाळचा खेळ मी झोकात पार पाडला. दुपारी शिकायला उभी राहिली पर्वत पाटियाच्या एका साडीवाल्याची बायको. अंगाने भरलेली, हसरी, आणि काठी अशी धरलेली जशी पाल मारायची आहे. मी म्हटलं, "असं नाही बेन, बघा." काठी घेतली आणि एक सुंदर चेंडू मारला. तिने मारला, तो चुकला. "असं नाही, बघा." आणखी एक सुंदर. मध्येच ती म्हणाली, "अरे बेन, मने रमवा तो दो!" मला खेळू तरी द्या, म्हणाली बिचारी. मला वाटलं, कौतुकाने थट्टा करतेय. मी हसून पुढचा चेंडू आणखी लांब मारला.

परीक्षक निवृत्त फौजी होते. सावलीत खुर्ची टाकून वहीत रेघा ओढत बसलेले.

"मॅडम, इन्होंने कितने बॉल मारे?"

"सहा... सात असतील."

"छह. और आपने?"

मी कशाला मोजतेय!

"इकतीस," ते म्हणाले. "आप खेलती बहुत बढ़िया हैं. सिखाती बिलकुल नहीं. छह महीने बाद आइए."

घरी येऊन मी चार दिवस त्यांच्या मिशांना नावं ठेवली. फौजीला बाईची प्रगती बघवत नाही, असं सिद्धही केलं. ऐकायला हे एकटेच होते, आणि हे काही बोलले नाहीत.

त्यानंतर आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली. आमच्याकडे आखाजीला खापरावरचे मांडे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. शेजारची नवी सून सासूबाईंकडे शिकायला आली होती. पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याला माझे हात वळवळले आणि मी पुढे झाले, तोच सासूबाईंनी मनगटावर चापट मारली.

"हात मांगे ले! तिले करू दे ना वं माय!"

"अहो, पण फाटतोय तो!"

"फाटू दे. तिना हाते फाटी, तव्हयच तिले समजी."

मी मागे सरकले. बघितलं, तर सासूबाईंचे स्वतःचे हात पदराखाली होते. एकाने दुसरा घट्ट धरलेला, आणि बोटं चुळबुळत होती. माझ्या लग्नानंतर मलाही त्यांनी असंच शिकवलं होतं. तेव्हा मी माहेरी पत्र लिहिलं होतं, की सासू नुसती बसून असते, इकडची काडी तिकडे करत नाही.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही पुन्हा गोल्फ शिका ना. मला सराव होईल."

"नको."

"का? कंटाळा येतो?"

"कंटाळा?" हे हसले. "चार रविवार आलो. माझ्या हातात काठी कधी आली? दुसऱ्या रविवारपासून तू मला दाखवतच होतीस."

इतकी वर्षं माणूस हे पोटात ठेवून मला स्कूटरवरून नेत-आणत होता! 

रविवारी मी ह्यांच्याकडून ओढणीने स्वतःचे हात मागे बांधून घेतले. ह्यांनी सतरा वेळा माती खणली. मी जीभ चावत होते. एवढंच म्हटलं, "हळू. रंग चढायला वेळ देता ना, तसं." अठरावा चेंडू उडाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही; चेंडूकडे बघत राहिले. त्या रविवारी मी शिकवायला शिकले.

दुसऱ्या परीक्षेला त्याच बेनना विनवून आणलं. फौजी तेच, वहीही तीच. मी हात मागे धरून उभी. बेननी हवा मारली, गवत मारलं, एकदा स्वतःचा बूट मारला. मी विचारलं, "आत्ता चेंडूआधी काठी कुठे लागली?" त्यांनी विचार केला, पाय जरा सरकवले, आणि चेंडू निघाला. वाकडा, जेमतेम तीस पावलं. पण तो त्यांचा होता.

"मॅडम, आज आपने एक भी नहीं मारा," फौजी म्हणाले. "पास."

त्या चापटीचे, त्या रेघांचे आणि ह्यांच्या गप्प बसण्याचे उपकार मी कसे फेडणार? मी आनंदाने बेनना मिठी मारायला पुढे झाले, तर त्यांनी काठीनेच मला थांबवलं.

"पास-बास पछी, बेन, नंतर. बाजूला व्हा. मला आणखी मारायचाय."

मी बाजूला झाले.