बॉनेटला मशीन लागणार नाही

गॅरेजात तिला सगळे आत्या म्हणत. खरी आत्या ती एकाचीच होती, मालकाची. पण नाव चिकटलं ते चिकटलं. पन्नाशी ओलांडलेली गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणायची.

वय अठ्ठावन्न. उंची बेताची. गाडीच्या टपापर्यंत हात पोचावा म्हणून लाकडी पाटावर उभी राहायची. हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही. पाट सरकवताना रोज एकदा कुरकुर व्हायची. पाटाची की तिची, ते कळत नसे.

"गाडीशी अंग घासतं," ती म्हणायची. "अंगावर टोचणारं काही नको. जीभ सोडून."

थोरल्या भावानं गॅरेज काढलं तेव्हा ती कापडं धुवायला आली. महिनाभरात भावाच्या लक्षात आलं की हिनं धुतलेल्या कापडात एक कण सापडत नाही. त्यानं तिच्या हातात पॉलिशचा डबा दिला. तिथून तीस वर्षं तिनं गाड्यांचा रंग राखला. दुसरं काही केलं नाही. लग्न ठरत आलं होतं एकदा. मुलाकडच्यांनी विचारलं, हे काम सोडणार ना? तिनं विचारलं, मुलगा त्याचं काम सोडणार ना? विषय तिथंच संपला.

तिची कामाची रीत ठरलेली. आधी गाडी धुवायची. मग हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बोटं रंगावरून फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतल्या बोटांना खरखरीत लागतो. डोळ्यांना न दिसणारी धूळ तिथं हाताला सापडते. मग एका कोपऱ्यात इवलंसं पॉलिश लावून बघायचं. मगच पुढे. जमिनीवर पडलेलं कापड गाडीला पुन्हा लागायचं नाही. सख्ख्या भावानं पाडलेलं असलं तरी.

नवख्यांना ती सांगायची, "पॉलिश रंगाचा थर खरवडून घेतं. मेण आणि सीलंट रंगावर राखणीचा थर ठेवतात. घेताना दहादा विचार करायचा."

भाऊ गेला. गॅरेज भाच्याकडे आलं. भाचा कष्टाळू होता, तोंडानं गोड होता, आणि घाईत होता. सहा महिन्यांपूर्वी त्यानं दारावर पाटी लावली. आरशासारखी चमक, पाच वर्षांची हमी. येईल त्या गाडीला एकच औषध. मोठं मशीन, जाड स्पंज, खरबरीत पॉलिश, आणि वर सीलंट. जोडीला रंगाची जाडी मोजणारा मीटरही घेतला. खिशात पेन असावं तसा तो मीटर त्याच्या खिशात असे.

त्या सोमवारी औषधवाले आले. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक. कमी बोलणारे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांची गडद निळी गाडी बारा-तेरा वर्षांची. उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकत. भाच्यानं त्यांना संध्याकाळचा शब्द दिला. मग बॉनेटला मीटर टेकवला.

"दोनशे चाळीस मायक्रॉन!" तो ओरडला. "आत्या, नव्या गाडीला सव्वाशेच्या आसपास असतो. इथे दुप्पट रंग आहे. बिनधास्त घास."

आत्यानं पिशवी हातावर चढवली. बॉनेटच्या मधल्या धारेवरून बोटं फिरवली. मग पिशवी काढून घडी केली.

"बॉनेटला मशीन लागणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"मी सांगते म्हणून."

"आत्या, आता तसं चालत नाही. मीटर सांगतोय ना."

"मीटर एकूण जाडी सांगतो. घासला जातो तो वरचा पारदर्शक थर केवढा, ते सांगतो का तुझा मीटर?"

"नेहमीचं झालंय तुझं," भाचा म्हणाला. आता आवाजातला गोडवा गेला होता. "प्रत्येक गाडीत काही ना काही खोट. शब्द मी द्यायचा आणि तू आडवं यायचं. जमत नसेल तर गॅरेजच्या किल्ल्या ठेव आणि घरी बस. मी घासतो."

त्यानं मशीनची वायर खेचली. पलीकडे चाक खोलणारा मेकॅनिक थांबला. औषधवाले स्टुलावरून बघत होते.

आत्याला दोनशे चाळीसचं कारण माहीत होतं. आता जगात ते फक्त तिलाच माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी हीच गाडी, हेच बॉनेट. तेव्हा मशीन तिच्या हातात होतं. मधल्या धारेवर ते दोन श्वास जास्त थांबलं. धारेवर रंग मुळातच पातळ असतो, हे तिला ठाऊक होतं. तरी थांबलं. निळ्याच्या आत अस्तराचं पांढरं दिसलं. औषधवाले बाहेरगावी होते, दुसऱ्या सकाळी परतणार होते. भावानं जुन्या रंगावरच नवा रंग मारला. वाळायला वेळ नव्हता, म्हणून वर पारदर्शक थराचा एकच पातळ फवारा. खाली दोन रंग, वर कांद्याचा पापुद्रा. "झाकली मूठ सव्वा लाखाची," भाऊ म्हणाला होता. तिनं मूठ झाकून ठेवली. त्यानंतर तिनं कुठल्याच गाडीच्या धारेवर मशीन नेलं नाही.

गप्प बसली असती तर भाच्यानं पापुद्रा उडवला असता. दोष त्याच्या हाताला लागला असता. ती घरी बसली असती, निष्कलंक.

ती पाटावर चढली. दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले.

"साहेब, इकडे या," तिनं औषधवाल्यांना हाक मारली. "हे बॉनेट मूळ रंगाचं नाही. अकरा वर्षांपूर्वी मी मशीननं घासून त्याचा रंग उडवला. माझ्या हातानं. माझ्या दादानं रात्रीतून रंगवलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. वरचा थर एकाच फवाऱ्याचा आहे. मशीन फिरलं की गेला."

भाच्याचा चेहरा पांढरा पडला. "आत्या! काय बोलतेस तू? गिऱ्हाइकासमोर!"

"त्यांचीच गाडी आहे. मग कुणासमोर बोलू?"

औषधवाल्यांनी चष्मा वर सरकवला.

"अकरा वर्षं?"

"अकरा."

"दर वर्षी मी तुमच्याकडेच आणली गाडी. दर वर्षी मला हसून परत दिलीत."

"हो."

"माफी नाही मागत तुम्ही."

"मागते. पण हात जोडून नाही. हात जोडले तर ते काढावे लागतील इथून, आणि हा मशीन लावेल."

मेकॅनिकला हसू आलं. त्यानं ते चाकाच्या आड लपवलं.

औषधवाले स्टुलावरून उठून बॉनेटपाशी आले. "चुकीचं औषध गेलं तर मी दुकानाबाहेर धावत जातो, बाई," ते म्हणाले. "अकरा वर्षं थांबत नाही."

ते तिला लागलं. तळवे तिनं बॉनेटवरून हलवले नाहीत.

"तुमच्या हातानं करा," ते म्हणाले. "मी इथंच बसणार. बघत."

"बसा. सावलीत बसा."

मशीन भिंतीशी गेलं. आत्यानं मऊ स्पंजावर सर्वात सौम्य पॉलिश घेतलं आणि हातानं, वीतभर जागा धरून, काम सुरू केलं. धार तिनं सोडूनच दिली. दुपारी औषधवाल्यांनी विचारलं, "मेण का नाही लावत? मेणाची चमक ओली दिसते म्हणतात."

"दिसते. पण तुमची गाडी दिवसभर दुकानासमोर उन्हात. मेण दोन महिन्यांत उडेल. मग पुन्हा याल, पुन्हा घासायला सांगाल. सीलंटची चमक कोरडी असते, पण टिकतं ते. या बॉनेटला आता कुणी हातच लावू नये, एवढीच माझी इच्छा आहे."

पॉलिशचा तेलकटपणा उरला तर सीलंट धरत नाही. तिनं पत्रा दोनदा पुसून कोरडा केला. पातळ सीलंट लावलं. थांबली. पुसलं.

संध्याकाळी गाडी उन्हात आली. निळा रंग खोल दिसत होता. ओरखडे निम्मे गेले होते, निम्मे होते.

"दिसतायत," औषधवाले म्हणाले.

"दिसणारच."

भाच्यानं कामाच्या कार्डावर 'पॅकेज पूर्ण' लिहिलं होतं. आत्यानं त्याच्या हातातून पेन घेतलं, त्यावर काट मारली आणि खाली लिहिलं. बॉनेट पुन्हा रंगवलेलं. ओरखडे मुद्दाम ठेवले. मशीन लावू नये. मग सही केली. पूर्ण नावाची.

"हे बाहेर गेलं तर गॅरेजचं नाव जाईल," भाचा हलक्या आवाजात म्हणाला.

"माझं नाव लिहिलंय मी. गॅरेजचं नाही."

औषधवाल्यांनी कार्ड वाचलं, घडी करून खिशात घातलं. आभार मानले नाहीत. पुन्हा येईन असंही म्हणाले नाहीत. गाडी गेली.

"किल्ल्या," भाचा म्हणाला.

"उद्या साडेआठला येते," आत्या म्हणाली. "काढायचं असेल तर दारात उभा राहून तोंडावर सांग. संध्याकाळी थकल्यावर कुणीही काहीही बोलतं."

रात्री तिला झोप लागली की नाही, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

सकाळी साडेआठला भाचा खरंच दारात उभा होता. हात छातीशी बांधलेले. डोळे सुजलेले. मेकॅनिक आत उगाच पाने पुसत होता.

आत्या त्याच्यासमोर थांबली. बापाएवढाच उंच झाला होता. तिला मान वर करावी लागली.

"बोल," ती म्हणाली.

तो बोलेना.

तिनं वाट पाहिली. पुरेशी पाहिली.

"मग बाजूला हो," ती म्हणाली. "कापडं भिजवायची आहेत."